तेरादाया : फुशिमीच्या धक्क्यावरची सराई

जपानमधील क्योतो शहराच्या दक्षिण टोकाला फुशिमी नावाचा भाग आहे. तिथे एका अरुंद कालव्यापासून काही पावलांवर तेरादाया नावाची दुमजली लाकडी सराई उभी आहे. साकामोतो ऱ्योमा या सामुराईवर इथे झालेल्या हल्ल्यामुळे ती जपानभर ठाऊक आहे, आणि येणारे बहुतेक प्रवासी त्या एका रात्रीची गोष्ट ऐकून, वरच्या मजल्यावरच्या खांबावरील खुणांचे फोटो काढून परत जातात. मला मात्र या सराईचा इतिहास त्या रात्रीपेक्षा बराच मोठा वाटतो. ती रात्र इथेच का उजाडली, याचे उत्तर तलवारीत सापडत नाही. ते नदीत, नावांच्या वाहतुकीत आणि ही सराई चालवणाऱ्या एका बाईच्या धीरात आहे. म्हणून सुरुवात नदीपासूनच करतो.

फुशिमीचे नशीब नदीने घडवले, पण ती नदी तिथे माणसाने आणली होती. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तोयोतोमी हिदेयोशी या जपानच्या तेव्हाच्या सत्ताधीशाने इथल्या टेकडीवर किल्ला बांधायला घेतला. त्या वेळी त्याने उजी नदीचा प्रवाह वळवून किल्ल्याच्या पायथ्याशी घेतला आणि त्याबरोबरच एक बंदर तयार केले. उजी नदी पुढे कात्सुरा आणि किझु या नद्यांना मिळते, तिथून तिला योदो म्हणतात आणि ती ओसाकापाशी समुद्राला मिळते. क्योतो ही सम्राटाची राजधानी असली तरी तिला समुद्र नव्हता. त्यामुळे पश्चिमेकडून येणारा तांदूळ, मीठ, लाकूड आणि माणसे हे सारे ओसाकाहून योदोमार्गे फुशिमीला पोहोचत असे. पुढे १६१४ मध्ये सुमिनोकुरा ऱ्योइ या व्यापाऱ्याने ताकासे कालवा पुरा करून फुशिमी थेट क्योतोच्या मध्यवस्तीशी जोडले, आणि सपाट तळाच्या लहान नावांतून माल शहराच्या आत जाऊ लागला. मोठ्या नावेतून उतरायचे आणि लहान नावेत किंवा रस्त्यावर चढायचे ते ठिकाण फुशिमी झाले. जिथे वाहन बदलावे लागते तिथे थांबावे लागते, आणि जिथे थांबावे लागते तिथे चार घास आणि पाठ टेकण्यापुरती जागा विकणारे लोक येऊन वसतातच.

तेरादाया ही अशीच वसलेली सराई. १५९७ मध्ये जवळच्या तेरादा गावातून आलेल्या इसुके नावाच्या शेतकऱ्याने ती सुरू केली, अशी परंपरा आहे. गावाच्या नावावरून सराईचे नाव पडले आणि इसुके हे नाव घराण्याच्या कर्त्या पुरुषाला पिढ्यानपिढ्या मिळत गेले. ही सराई मोठ्या सरदारांसाठी नव्हती. एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, वारीला निघालेले दाइम्यो, म्हणजे संस्थानिक, ज्या खास वाड्यांत उतरत, तसे चार वाडे फुशिमीत होते. त्यांशिवाय सामान्य प्रवाशांसाठी १८४३ च्या सरकारी पाहणीत ३९ सराया नोंदल्या आहेत. धक्क्यालगतच्या सरायांचा मुख्य धंदा नावेच्या उतारूंचा होता. नावेत जागा मिळवून देणे, नाव सुटेपर्यंत बसवून ठेवणे, गरम जेवण आणि साके देणे, सामान सांभाळणे, निरोप आणि पत्रे पोहोचवणे ही सगळी कामे ही माणसे करत.

फुशिमी ते ओसाका हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर. या मार्गावर चालणाऱ्या मुख्य नावेला तीस कोकूंची नाव म्हणत. कोकू हे तांदळाचे माप असून एक कोकू म्हणजे साधारण दीडशे किलो, म्हणजे ही नाव साडेचार टन तांदूळ पेलेल एवढी होती. लांबी सुमारे १७ मीटर, रुंदी जेमतेम अडीच मीटर आणि वर गवताच्या चटयांचे छप्पर. त्यात चार नावाडी आणि अठ्ठावीस-तीस उतारू गुडघ्याला गुडघा लावून बसत. ओसाकाकडे जाताना प्रवाहाची साथ असल्यामुळे रात्री फुशिमीहून निघालेला माणूस पहाटे ओसाकाच्या हाचिकेन्या धक्क्यावर उतरत असे. उलट येताना मात्र पूर्ण दिवस किंवा पूर्ण रात्र लागे, कारण अनेक ठिकाणी नावाड्यांना काठावर उतरून, दोर खांद्यावर घेऊन, भरलेली नाव प्रवाहाविरुद्ध ओढत न्यावी लागे. भाडेही त्यामुळेच चढतीच्या प्रवासाला जास्त असे.

वाटेत हिराकाताजवळ छोट्या होड्या अंधारातून येऊन या नावांना भिडत आणि त्यांतले विक्रेते झोपलेल्या उतारूंवर ओरडत, ‘खाणार की नाही? उठा, खा!’ सामुराई असो की व्यापारी, बोलण्याची तऱ्हा एकच आणि तीही शिवराळ. ओसाकाच्या वेढ्यात यांच्या पूर्वजांनी तोकुगावा या राज्यकर्त्या घराण्याला मदत केली, म्हणून त्यांना असे उर्मट बोलण्याची मुभाच मिळाली, अशी आख्यायिका आहे. ते काय विकत? भाताच्या वड्या, रश्शाची वाटी, साके. ज्या वाडग्यांतून ते वाढत ते जाड बुडाचे, स्वस्त चिनीमातीचे असत आणि हलत्या होडीतही सहसा कलंडत नसत. पैसे रिकाम्या वाडग्यांच्या संख्येवरून मोजत, म्हणून काही चतुर उतारू खाऊन झाल्यावर वाडगा हळूच नदीत सोडून देत, असेही सांगतात. ते खरे असो वा नसो, योदोच्या पात्रातून असे वाडगे मोठ्या संख्येने निघालेले आहेत. जाडसर, किंचित निळसर पांढरा, त्यावर चार फटकाऱ्यांत काढलेले निळे फूल आणि कडा थोडीशी वाकडी. असा एक वाडगा जवळून पाहिला की त्या काळातल्या सामान्य माणसाचा प्रवास कोणत्याही शाही मिरवणुकीच्या चित्रापेक्षा जास्त स्पष्टपणे डोळ्यांपुढे उभा राहतो.

१८५३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेचा कमोडोर पेरी आपली जहाजे घेऊन एदोच्या उपसागरात आला. बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली ते हेच वर्ष. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत जपानचे राजकारण एदोहून क्योतोकडे सरकले. सम्राटाच्या नावाने प्रत्यक्ष राज्य चालवणाऱ्या शोगुनने परकीयांशी तह केले, सम्राटाच्या दरबाराला ते रुचले नाहीत, आणि देशभरातले तरुण सामुराई ‘सम्राटाला मान द्या, परकीयांना हाकला’ असे म्हणत क्योतोकडे धावले. यांतले बरेचसे नैऋत्येकडच्या सात्सुमा, चोशू आणि तोसा या संस्थानांतले होते. ते समुद्रमार्गे ओसाकाला येत, तिथून नावेने फुशिमीला. म्हणजे क्रांती करायला निघालेला माणूसही आधी फुशिमीच्या धक्क्यावर उतरत होता. नावेच्या सरायांत रात्री-अपरात्री अनोळखी माणसे येणे-जाणे रोजचेच होते, त्यामुळे गुप्त बैठकीसाठी याहून सोयीची जागा नव्हती. सात्सुमा संस्थानाची फुशिमीत स्वतःची हवेली होती आणि तिच्या माणसांची नेहमीची उतरायची सराई होती तेरादाया.

१८६२ मध्ये सात्सुमाचा खरा सूत्रधार शिमाझु हिसामित्सु सुमारे हजार सैनिक घेऊन क्योतोला आला. त्याच्या तरुण अनुयायांना वाटले की हा शोगुनशाही उलथवायलाच आला आहे. हिसामित्सुला मात्र दरबार आणि शोगुन यांच्यात समेट घडवून आणायचा होता. हा गैरसमज तेरादायामध्ये रक्ताने मिटला. आरिमा शिंशिची याच्या नेतृत्वाखाली सात्सुमाचे तरुण आणि त्यांचे इतर संस्थानांतले साथीदार सराईच्या वरच्या मजल्यावर जमले. दरबारातील शोगुनधार्जिणा मुख्य प्रधान आणि शोगुनचा क्योतोतील प्रतिनिधी या दोघांवर हल्ला करायचा, असा त्यांचा बेत होता. हिसामित्सुला बातमी लागली आणि त्याने मन वळवण्यासाठी माणसे धाडली. ती त्याच संस्थानातली, अनेकांच्या ओळखीची आणि मुद्दाम निवडलेले तलवारबाज होती. मन वळले नाही तर काय करायचे, हे त्यांना सांगून ठेवलेले होते.

तो दिवस चौथ्या महिन्याची २३ तारीख होता, म्हणजे आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे २१ मे १८६२. आरिमा आणि त्याचे काही सहकारी खाली येऊन बोलायला बसले. बोलणी फिसकटली. ‘प्रभूची आज्ञा!’ असे ओरडून दोजिमा गोरोबेइ या दूताने पहिला वार केला आणि तळमजल्यावर चकमक उसळली. आरिमाची तलवार तुटली, तेव्हा त्याने दोजिमाला अंगाने भिंतीशी दाबून धरले आणि आपल्या तरुण साथीदाराला ओरडून सांगितले, ‘माझ्यासकट भोसक!’ त्याने तसेच केले, आणि दोघेही एकाच तलवारीने गेले. वरच्या मजल्यावरची पोरे खाली झेपावणार, तेवढ्यात नाराहारा किहाचिरो हा दूत आपल्या तलवारी टाकून, उघड्या अंगाने जिन्यापाशी उभा राहिला आणि ‘आपल्याच माणसांवर आता हात उचलू नका’ म्हणून विनवू लागला. ते थांबले. तळमजल्यावर बंडखोरांपैकी सहा जण जागीच मेले, दोन जखमींना नंतर पोट फाडून घेण्याची शिक्षा झाली. त्या दिवशी सराईत नसलेल्या, पण याच कटातल्या आणखी एकालाही तीच शिक्षा मिळाली. या नऊ जणांच्या कबरी आजही फुशिमीतल्या दाइकोकु-जी मंदिरात आहेत.

या घटनेबद्दल मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हे की मारणारे आणि मरणारे एकाच गावचे, एकाच आखाड्यात वाढलेले होते, आणि सहा वर्षांत नेमके तेच घडले ज्यासाठी आरिमा मेला होता. वरच्या मजल्यावरून जिवंत खाली उतरलेल्या पोरांत साइगो त्सुगुमिची होता, जो पुढे जपानचा नौदलमंत्री झाला. त्यांतच ओयामा इवाओही होता, ज्याने १९०४-०५ च्या युद्धात मांचुरियात रशियाविरुद्ध जपानी सैन्याचे नेतृत्व केले. त्या विजयाने महाराष्ट्रातही केवढी उमेद जागवली होती, हे आपल्याकडच्या त्या काळच्या वृत्तपत्रांच्या वाचकाला सांगायला नको. जिन्यापाशी विनवणी करणारा नाराहारा पुढे ओकिनावाचा गव्हर्नर झाला. त्याची ती विनवणी ऐकली गेली नसती तर यांतली किती नावे इतिहासात उरली असती, कोण जाणे.

आता त्या बाईकडे वळतो. सराईच्या सहाव्या इसुकेची बायको ओतोसे ही बिवा सरोवराकाठच्या ओत्सु गावातल्या सराईवाल्याची मुलगी. अठराव्या वर्षी लग्न होऊन ती तेरादायात आली. नवरा चैनी होता, धंद्यात त्याचे लक्ष नव्हते, आणि १८६४ मध्ये तो मेला. पण त्याच्या आधीपासूनच सराई ओतोसेच चालवत होती. सासू, मुले, नोकर-मोलकरणी, नावाड्यांचे हिशेब, वाड्यावरच्या सामुराईंची मर्जी आणि कधीही झडती घ्यायला येणारे दंडाधिकाऱ्याचे शिपाई, हे सगळे एकट्या बाईने सांभाळायचे. १८६२ च्या त्या रात्रीचे वर्णन करताना इतिहासाची पुस्तके हिसामित्सुच्या पुढच्या हालचालींकडे वळतात. माझ्या मनात मात्र दुसऱ्या सकाळचा प्रश्न येतो. धक्क्यावर नावा तर येणारच होत्या. चिरलेली दारे, भिजलेल्या तातामी चटया, भेदरलेल्या मोलकरणी हे सगळे आवरून सराई पुन्हा उघडणे हे काम ज्यांनी केले त्यांच्या नावाचा दगड कुठे नाही. त्यानंतरही ओतोसेने शोगुनच्या विरोधकांना थारा देणे थांबवले नाही, यावरून तिच्या काळजाचा अंदाज येतो.

साकामोतो ऱ्योमा तिच्याकडे उतरू लागला तो या काळात. तोसा संस्थान सोडून पळालेला हा तरुण, पाठीशी संस्थान नाही, डोक्यात मात्र जहाजे, व्यापार आणि एकमेकांचे वैरी असलेल्या सात्सुमा व चोशू यांना जोडण्याची कल्पना. १८६५ मध्ये त्याने घरी लिहिलेल्या पत्रात ओतोसेचा उल्लेख आहे. देशासाठी झटणाऱ्यांना आधार देणारी, शिकलेली आणि खरोखर मोठ्या मनाची बाई, असे तो तिच्याविषयी लिहितो. ऱ्योमाची बायको झालेली नारासाकी ऱ्यो ऊर्फ ओऱ्यो ही क्योतोतल्या एका दिवंगत वैद्याची मुलगी. तिला त्याने ओतोसेच्याच ओटीत घातले आणि ओतोसेने तिला मुलीसारखी ठेवून घेतली. ऱ्योमाच्या कर्तृत्वाची चर्चा होते तेव्हा त्याच्या अफाट भटकंतीचे कौतुक होते. पण भटकणाऱ्याची पत्रे कुणीतरी घ्यावी लागतात, त्याची माणसे कुणीतरी सांभाळावी लागतात, आणि तो रात्री दोन वाजता दारात आला तर दार उघडावे लागते.

१८६६ च्या मार्चमध्ये क्योतोत सात्सुमा आणि चोशू यांच्यात गुप्त करार झाला. ऱ्योमा त्यात मध्यस्थ होता. तो उरकून तो चोशूकडचा आपला अंगरक्षक मियोशी शिंझो याच्यासह तेरादायाला परतला. मध्यरात्र उलटून गेली तरी दोघे वरच्या मजल्यावर बोलत बसले होते. फुशिमीच्या दंडाधिकाऱ्याने पाठवलेल्या शिपायांनी सराई घेरली. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. ओऱ्यो आंघोळीला बसली होती, तिला बाहेर चाहूल लागली आणि ती जवळजवळ उघड्या अंगानेच मागच्या जिन्याने वर धावली. याच प्रसंगावर नाटके, चित्रपट आणि मालिका निघाल्या.

पण इथे जरा थांबून कागद पाहावेत. ऱ्योमाने त्याच वर्षाच्या अखेरीस मोठ्या भावाला लिहिलेल्या सविस्तर पत्रात एवढेच आहे की ती स्वयंपाकघराच्या बाजूने धावत आली आणि म्हणाली, सावध राहा, शत्रू अचानक आला आहे, भालेवाले जिना चढत आहेत. आंघोळीचा तपशील येतो तो ओऱ्योने उतारवयात सांगितलेल्या आठवणींतून. दोन्ही खरे असू शकते. घरच्या थोरल्या माणसाला लिहिताना कुणी बायकोच्या न्हाणीचा उल्लेख टाळेल, हेही समजण्यासारखे आहे. मला महत्त्वाचे वाटते ते दोन्हींत समान आहे ते : वेळेवर वर येण्याची हिंमत त्या मुलीने दाखवली. बहिणीला लिहिलेल्या पत्रात ऱ्योमाने हे स्वच्छ कबूल केले आहे. ही होती म्हणूनच माझा जीव वाचला, असे तो लिहितो.

ऱ्योमाजवळ चोशूच्या ताकासुगि शिंसाकुने भेट दिलेले स्मिथ अँड वेसन बनावटीचे पिस्तूल होते. आम्ही सात्सुमाची माणसे आहोत, असे त्याने ठणकावून सांगितले. ते चालले नाही, तेव्हा त्याने गोळ्या झाडल्या. मियोशी भाला घेऊन पुढे उभा राहिला. अंधारात आलेल्या एका वाराने ऱ्योमाच्या दोन्ही हातांची बोटे कापली गेली. पिस्तूल पुन्हा भरताना रक्ताळलेल्या हातातून त्याचे फिरते नळकांडे निसटून पडले आणि ते पुन्हा सापडले नाही. मग दोघांनी मागच्या बाजूने उडी घेतली आणि शेजारच्या घराच्या भिंती-दारे फोडून पलीकडचा रस्ता गाठला. त्या घरातली माणसे झोपेतून उठून पळाली होती, अंथरुणे तशीच पसरलेली होती. त्यांच्याबद्दल वाईट वाटले, पण इलाज नव्हता, असे ऱ्योमा पत्रात लिहितो. जिवावर बेतलेल्या रात्रीच्या वर्णनात शेजाऱ्याच्या मोडलेल्या घराची हळहळ नोंदवणारा माणूस मला फार जवळचा वाटतो.

पुढची सुटका पुन्हा पाण्यानेच केली. रक्तस्रावाने थकलेला ऱ्योमा कालव्याकाठच्या लाकडाच्या वखारीत लपला. आता पोट फाडून घेऊ, असे मियोशी म्हणाला. तू सात्सुमाच्या हवेलीकडे जा, वाटेत मारला गेलास तर मीही इथेच संपतो, असे ऱ्योमाने त्याला सांगितले. ओऱ्यो तोवर हवेलीत पोहोचून वर्दी देऊन चुकली होती. हवेलीचा कारभारी ओयामा हिकोहाचि, म्हणजे चार वर्षांपूर्वी याच सराईच्या वरच्या मजल्यावर असलेल्या ओयामा इवाओचा थोरला भाऊ, सात्सुमाचे निशाण लावलेली नाव घेऊन आला आणि त्याने ऱ्योमाला वखारीपासून उचलले. सात्सुमाच्या निशाणाला हात लावण्याची कुणाची छाती नव्हती. दोनच आठवड्यांत ऱ्योमाने करारातील सहा कलमांच्या पत्रामागे तांबड्या शाईने आपली ग्वाही लिहिली. तो कागद आजही जपानच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. त्यानंतर तो ओऱ्योला घेऊन जखमा बऱ्या करण्यासाठी सात्सुमातल्या गरम झऱ्यांवर गेला. पुढल्याच वर्षी, डिसेंबर १८६७ मध्ये, क्योतोतल्या एका सोया सॉसच्या व्यापाऱ्याच्या घरी त्याचा खून झाला. ओतोसेची सराई त्या रात्री जवळ नव्हती.

आणि आता या इतिहासातली सर्वांत अवघड गोष्ट. जानेवारी १८६८ मध्ये तोबा-फुशिमीची लढाई झाली. सम्राटाच्या बाजूने लढणारे सात्सुमा-चोशू एकीकडे आणि शोगुनचे सैन्य दुसरीकडे. फुशिमीचा दक्षिण भाग तोफांनी आणि आगीने भस्म झाला, आणि त्यात तेरादायाही जळाली. आज दिसणारी इमारत नंतर बांधलेली आहे, आणि तीही मूळ जागेच्या पश्चिमेला. मूळ सराईची जागा म्हणजे आजच्या इमारतीच्या पूर्वेची मोकळी बाग. १८९४ मध्ये त्या नऊ सात्सुमावीरांचा स्मारकस्तंभ उभारला गेला तो याच बागेत. हे सगळे कागदोपत्री तपासून २००८ मध्ये क्योतो शहराने आपला निष्कर्ष जाहीर केला. म्हणजे तलवारीच्या खुणांचा खांब, गोळीचे भोक आणि ओऱ्योचे म्हणून दाखवले जाणारे न्हाणीपात्र यांच्याकडे पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

यावर दोन टोकांच्या प्रतिक्रिया ऐकू येतात. काही जण म्हणतात, सगळी फसवणूक आहे, जाऊ नका. काही जण म्हणतात, भावना महत्त्वाची, तपशिलात कशाला शिरता? मला दोन्ही पटत नाहीत. गावाने जळालेली सराई त्याच नावाने, तिच्याच शेजारी पुन्हा उभी केली, हा स्वतःच इतिहासाचा भाग आहे. तो भाग पाटीवर ठळकपणे लिहिला तर इमारतीची किंमत कमी होणार नाही. जाणाऱ्याने मात्र आधी त्या बागेत जावे. लोक तिथे सहसा दोन मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळत नाहीत. मी गेलो तेव्हा सराईच्या दारासमोर कंदिलाखाली फोटोसाठी रांग होती आणि पलीकडे, जिथे आरिमा पडला आणि जिथून ऱ्योमा निसटला, त्या जमिनीच्या तुकड्यावर उभे राहायला भरपूर जागा होती. तिथून कालव्याकडे पाहिले की धक्का किती जवळ होता, हे पावलांनी मोजता येते.

लढाईने इमारत जाळली, पण धंदा बुडवला तो वाफेने. १८७० च्या दशकात योदोवर वाफेच्या बोटी धावू लागल्या, आणि फेब्रुवारी १८७७ मध्ये क्योतो ते कोबे हा लोहमार्ग पूर्ण झाला. ओसाकाला जायला आता फुशिमीची गरज उरली नाही. ओतोसे वारली तीही १८७७ मध्येच, पन्नाशीसुद्धा न गाठता. १८९५ मध्ये जपानमधली पहिली विजेची ट्राम क्योतो आणि फुशिमीच्या दरम्यान सुरू झाली. पुढे पूर रोखण्यासाठी उजी नदीला उंच बांध घातले गेले आणि नदी व शहरातला कालवा यांच्या पाण्याच्या पातळ्या वेगळ्या झाल्या, तेव्हा १९२९ मध्ये मिसु इथे नावा चढवण्या-उतरवण्यासाठी दुहेरी दरवाजे बांधले गेले. पण तोवर माल आगगाडीवर आणि ट्रकवर गेला होता. ओऱ्योने दुसरे लग्न केले, ती योकोसुकाला राहिली आणि १९०६ मध्ये हलाखीत वारली. त्याच्या दोन वर्षे आधी, रशियाशी युद्ध सुरू होताना, ऱ्योमा सम्राज्ञीच्या स्वप्नात आला अशी बातमी वृत्तपत्रांनी छापली होती आणि विसरला गेलेला ऱ्योमा पुन्हा देशाचा लाडका झाला होता. तेरादायाला भेट देणाऱ्यांची रीघ त्यानंतरची आहे.

बंदर गेले तरी फुशिमी उरले ते तिथल्या भूजलामुळे. मऊ, गोड पाण्यावर चालणारा साकेचा व्यवसाय इथे सतराव्या शतकापासून आहे. गेक्केइकान ही प्रसिद्ध पेढी १६३७ मधली. ऱ्योमाने आसरा घेतला त्या सात्सुमाच्या हवेलीच्या जागेवरही आता साके बनते. काळपट लाकडी भिंतींची जुनी गोदामे, त्यांच्यामागून जाणारा कालवा आणि काठच्या विलोच्या फांद्या यांमधून मोसमात पर्यटकांसाठी लहान नावा मिसुच्या दरवाजांपर्यंत जातात. त्या दरवाजांपाशी पूर्वीच्या बंदराचे एक छोटेसे संग्रहालय आहे. कालव्याची रचना समजून घ्यायची असेल तर ते चुकवू नये.

जायचे असल्यास माझा सल्ला असा की क्योतोकडून न जाता ओसाकाकडून जावे. केइहान रेल्वे १९१० मध्ये सुरू झाली ती तेन्माबाशीहून. जुना हाचिकेन्या धक्का तिथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि गाडी बरीचशी योदोच्या डाव्या काठाने, म्हणजे नावा ओढणाऱ्यांच्या वाटेनेच, फुशिमीकडे जाते. मधे हिराकाता लागते. तिथे उतरावे. कागिया नावाची एक नावेची सराई तिथे आजही तिच्या मूळ जागी, एकोणिसाव्या शतकातल्या मूळ लाकडांसह उभी आहे. १९९७ पर्यंत तिथे जेवणावळी होत होत्या, आणि आता ते शहराचे संग्रहालय आहे. तिचे पुढचे दार रस्त्यावर उघडते आणि मागचे थेट नदीच्या बाजूला उघडत असे. तेरादायाची जळालेली इमारत आतून कशी असेल, उतारू कुठे बसत, सामान कुठून चढत असे, याची कल्पना इथेच येते. आत काचेच्या कपाटात योदोच्या पात्रातून निघालेले ते जाडे वाडगे मांडून ठेवले आहेत. ते पाहून पुढची गाडी पकडावी, चुशोजिमा स्थानकावर उतरावे, आणि कालव्याच्या काठाकाठाने चालत आधी बागेत, मग सराईत जावे.